रासायनिक बदल केलेली प्रथिने: नेमके काम कोणते अमिनो आम्ल करते?

एन्झाइममध्ये शेकडो अमिनो आम्ले असतात, पण अभिक्रिया घडवण्यात प्रत्यक्ष भाग घेणारी मोजकीच असतात. ती शोधण्याचा एक मार्ग असा: एखाद्या अमिनो आम्लात रासायनिक बदल करायचा आणि एन्झाइमची सक्रियता किती उरते ते मोजायचे.

उदाहरण म्हणून कायमोट्रिप्सिन घेऊ. स्वादुपिंडात तयार होणारे हे एन्झाइम अन्नातील प्रथिने तोडते. त्यात पंचवीसहून अधिक सेरिन आहेत. तरीही डीएफपी हे रसायन मिसळले, की ते फक्त १९५ व्या सेरिनला जोडले जाते आणि सक्रियता जवळजवळ नाहीशी होते.

मग हेच सेरिन काम करते, असे लगेच म्हणता येईल का? नाही. जोडलेल्या गटाने प्रथिनाची घडी बिघडली असेल किंवा नुसती वाट अडवली असेल. म्हणून पुढील तपासण्या कराव्या लागतात.

१. घडी उलगडलेल्या एन्झाइमवर तेच रसायन वापरा. आता ते जोडले जात नसेल, तर त्या सेरिनची विशेष क्रियाशीलता मूळ घडीमुळे आहे.

२. सक्रिय स्थानात बसणारा स्पर्धक रेणू आधी मिसळा. बदल मंदावला, तर तो सक्रिय स्थानातच होत असावा.

३. सब्स्ट्रेटसारखे दिसणारे रसायन वापरा. १९६३ मध्ये शोएलमन आणि शॉ यांनी फेनिलअलानिनवर आधारलेले टीपीसीके वापरले. ते कायमोट्रिप्सिनच्या ५७ व्या हिस्टिडिनला जोडले गेले. ट्रिप्सिनला लायसिन किंवा आर्जिनिन लागते, त्यामुळे त्याची सक्रियता टिकते. म्हणूनच ट्रिप्सिनमधील कायमोट्रिप्सिनची भेसळ निष्क्रिय करण्यासाठी आजही टीपीसीके वापरतात.

तरी वाट अडवण्याची शंका उरतेच. तिचे उत्तर म्हणजे शक्य तितका लहान बदल. सबटिलिसिन या जिवाणूंच्या एन्झाइममध्येही असेच सक्रिय सेरिन असते. १९६६ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे त्याचे सिस्टीनमध्ये रूपांतर केले, म्हणजे ऑक्सिजनच्या एका अणूच्या जागी गंधक आणले. हे बदललेले एन्झाइम काही सहज तुटणारे एस्टर तोडू शकत होते, म्हणजे घडी शाबूत होती. प्रथिने तोडण्याची क्षमता मात्र जवळजवळ गेली. इथे दोष अडथळ्याचा नव्हे, त्या एका अणूचा.

लक्षात ठेवा: सक्रियता जाणे हा पुराव्याचा आरंभ आहे, शेवट नव्हे.

स्वाध्याय: एका रसायनाने एन्झाइम निष्क्रिय झाले, पण स्पर्धक रेणू असतानाही बदलाचा वेग तोच राहिला. यावरून तुम्ही काय अनुमान काढाल?