मल्टिकुकर 'ई१' दाखवतोय? आधी प्लेट पुसा

भात अर्धकच्चा आणि डिस्प्लेवर 'ई१'. दोष बऱ्याचदा तापमान सेन्सरकडे असतो. कोडचा नेमका अर्थ मात्र मॉडेलनुसार बदलतो. हीटर प्लेटच्या मधोमध स्प्रिंगवरची टोपी, तिच्या आत हा सेन्सर. तिथे एखादं शीत अडकलं तरी भांडं नीट टेकत नाही, मोजमाप चुकतं. प्लग काढून, प्लेट गार झाल्यावर आधी ती पुसावी.

आतला एनटीसी थर्मिस्टर तापला की त्याचा रोध घटतो. मेकॅनिक मल्टिमीटर लावून टोपी बोटांनी धरतो. आकडा हळूहळू उतरला तर सेन्सर बहुधा ठीक. रोध अनंत दिसला तर सर्किट तुटलेलं, शून्याजवळ असेल तर शॉर्ट. झाकणातल्या सेन्सरची वायर बिजागरीपाशी उघडझाप होऊन तुटते. नवा सेन्सर त्याच किलोओहमचा हवा, नाहीतर कुकर चुकीचं तापमान वाचतो. आणि थर्मल फ्यूज उडाला म्हणून तिथे साधी वायर जोडू देऊ नये. हीटर अडकून चालूच राहिला, तर तो तोडणारं दुसरं काही उरत नाही.