टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन : स्नायूत की त्वचेखाली?

वृषणांचे किंवा त्यांना आदेश देणाऱ्या पीयूषिका ग्रंथीचे काम मंदावले, की पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक कमी पडू लागते. लक्षणे असतील आणि सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या रक्ततपासणीत प्रमाण कमी आढळले, तरच ते बाहेरून देण्याचा विचार होतो. इंजेक्शन हा त्याचा जुना आणि तुलनेने स्वस्त मार्ग. सुई कुठे टोचायची, हा रुग्णाचा पहिला प्रश्न असतो. ती किती दिवसांनी टोचायची, हा त्याहून महत्त्वाचा.

शुद्ध टेस्टोस्टेरॉन शरीरातून झपाट्याने नाहीसे होते. म्हणून त्याच्या रेणूला एका आम्लाची शेपटी जोडतात आणि औषध तेलात विरघळवतात. टोचलेल्या जागी तेलाचा छोटा साठा राहतो आणि त्यातून औषध रक्तात झिरपत जाते. प्रोपिओनेटचा प्रभाव दोन-तीन दिवसांत ओसरतो. एनान्थेट आणि सिपिओनेट आठवडा-दोन आठवडे पुरतात. सस्टॅनॉन 250 या औषधात असे चार प्रकार एकत्र असतात. ते शेंगदाणा तेलात बनवलेले असते, त्यामुळे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने डॉक्टरांना आधीच कल्पना द्यावी.

रूढ पद्धत कुल्ल्याच्या किंवा मांडीच्या स्नायूत टोचण्याची. एनान्थेटची मात्रा सहसा दर दोन आठवड्यांनी 150 ते 200 मिलिग्रॅम असते. सोय अशी, की दवाखान्याच्या खेपा कमी होतात. पण पहिल्या काही दिवसांत संप्रेरकाची पातळी उंच चढते आणि पुढची मात्रा येईपर्यंत खाली घसरते. उत्साह, कामेच्छा, मनःस्थिती सारे त्याबरोबर हेलकावे खाते. तीच मात्रा निम्मी करून दर आठवड्याला घेतली, तर हे चढउतार बरेच कमी होतात. त्यासाठी जागा बदलण्याचीही गरज नसते.

त्वचेखालची पद्धत इथेच उपयोगी पडते. पोटाच्या किंवा मांडीच्या चरबीत आखूड, बारीक सुईने थोडे औषध दर आठवड्याला टोचता येते. वेदना कमी, शिकवल्यावर घरी स्वतः घेणे सोपे, आणि कुल्ल्यातील सायटिक मज्जातंतूला इजा होण्याची भीतीही नाही. रक्तातील पातळी स्नायूतील इंजेक्शनाइतकीच चांगली राखता येते. कधी जागा लाल होते, कधी गाठ येते. अमेरिकेत 2018 मध्ये अशा साप्ताहिक एनान्थेटच्या स्वयंचलित पेनला मान्यता मिळाली, तीही रक्तदाब वाढण्याच्या ठळक इशाऱ्यासह.

अनडेकॅनोएटचा मामला वेगळा. एरंडेल तेलातील 4 मिलिलिटरची मात्रा कुल्ल्याच्या स्नायूत खोलवर, अगदी सावकाश द्यावी लागते. ते घरी करण्याचे काम नव्हे. दुसरी मात्रा सहा आठवड्यांनी आणि पुढे 10 ते 14 आठवड्यांनी. क्वचित तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसांत पोहोचून खोकल्याची उबळ किंवा धाप लागते, म्हणून अर्धा तास दवाखान्यातच थांबवणे शहाणपणाचे.

पद्धत कोणतीही असो, तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होऊ शकते. हिमॅटोक्रिट 54 टक्क्यांवर गेल्यास उपचार थांबवावे लागतात. तपासणीची वेळही ठरलेली असते: एनान्थेटसाठी दोन इंजेक्शनांच्या मधोमध, अनडेकॅनोएटसाठी पुढच्या इंजेक्शनाच्या आधी. भलत्या दिवशी काढलेला आकडा दिशाभूल करतो.

तरुणांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर बाब सुईशी संबंधितच नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले, की पीयूषिका वृषणांना आदेश देणे थांबवते आणि शुक्राणूंची निर्मिती घटते, कधी पूर्ण बंद पडते. औषध सोडल्यावर ती बहुधा परतते, पण त्याला कित्येक महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो. व्यायामशाळेत कुणाच्या सल्ल्याने कुपी विकत घेणाऱ्या मुलाला हे सहसा कुणी सांगत नाही. नजीकच्या काळात अपत्य हवे असलेल्या पुरुषाला डॉक्टर टेस्टोस्टेरॉन देतच नाहीत. दोष पीयूषिकेचा असेल तर एचसीजीसारख्या, वृषणांना चालना देणाऱ्या इंजेक्शनांचा मार्ग खुला असतो.