मोरचूद, मीठ आणि माशाच्या अंगावरचे ठिपके

नारायणगावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. पुढे खतं-औषधं, मागच्या खोलीत खाऱ्या पाण्याच्या टाक्या. पुढचं पोटासाठी, मागचं हौसेखातर. घाटाच्या या अंगाला राहून समुद्राचे मासे पाळायचे म्हणजे रिकामटेकडे उद्योग, असं घरचेही म्हणतात. पण जुन्नरला समुद्राचं वावडं कधीच नव्हतं. सातवाहनांच्या काळी सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल नाणेघाट चढूनच वर यायचा. आता मुंबईहून निमो येतो, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत. समुद्राचं पाणी मात्र आणावं लागत नाही. आरओच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम तयार सागरी मीठ विरघळवलं की काम होतं. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी हौस गावभर झाल्यापासून लोक पानावरच्या रोगाबरोबर माशाचेही फोटो दाखवायला लागले. "शेठ, अंगावर मीठ भुरभुरल्यासारखं झालंय. काय मारायचं?" मी उलट विचारतो, नवा मासा कधी आणला? उत्तर बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसांतलं असतं.

हे ठिपके 'क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स' नावाच्या एकपेशीय परजीवीचे. तो माशाच्या कातडीच्या वरच्या पातळ थराखाली शिरून बसतो, त्यामुळे पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तीन ते सात दिवस तिथे खातो, फुगतो आणि आपणहून बाहेर पडतो. मग वाळूला, दगडाला, काचेला चिकटून स्वतःभोवती कोष करतो. कोषातही औषध शिरत नाही. आत त्याचे तुकड्यांवर तुकडे होत राहतात आणि एका कोषातून दोनशेच्या आसपास पिल्लं बाहेर येऊ शकतात. येतात तीही बहुधा अंधारात, पहाटेच्या सुमारास, मासा दगडाच्या आडोशाला निपचित असतो तेव्हा. पोहणाऱ्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतं. औषध लागू पडतं ते फक्त या पोहत्या टप्प्यावर.

म्हणून चार-पाच दिवसांनी ठिपके दिसेनासे झाले की मालक खूश, बाटली विकणारा त्याहून खूश. खरं तर ठिपके बरे झालेले नसतात, नुसते तळाला गेलेले असतात. पुढच्या फेरीला कैक पटींनी येतात आणि मग कल्ल्यांत घुसतात. कल्ल्यातले ठिपके दिसत नाहीत. मासा भराभर श्वास घेतो, दगडाला अंग घासतो, खाणं सोडतो.

आमच्याकडच्या द्राक्षवाल्याला हे समजावायला वेळ लागत नाही. केवडा रोगाचे बीजाणूही पानावरच्या पाण्याच्या थरात चक्क पोहतात, पर्णरंध्र शोधतात आणि आत शिरतात. एकदा आत गेले की मोरचुदाची फवारणी वरच्या वर राहते, म्हणून ती आधी मारायची. बोर्डो मिश्रणाची गोष्ट मी गिऱ्हाइकाला हमखास ऐकवतो. फ्रान्समध्ये बोर्डोच्या आसपास रस्त्याकडेची द्राक्षं कुणी तोडू नयेत म्हणून शेतकरी वेलींवर मोरचूद आणि चुना फासायचे. त्या वेली केवड्यातून वाचल्याचं प्राध्यापक मिलार्दे यांनी हेरलं आणि 1885 मध्ये ते मिश्रण जाहीर केलं.

माशाच्या या परजीवीवरचं जुनं, खात्रीचं औषधही मोरचुदातलं तांबंच. फरक मात्रेचा आहे, आणि तो पोटात गोळा आणणारा आहे. एक टक्का बोर्डोसाठी आपण शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद घालतो. माशाच्या टाकीत लिटरला 0.15 ते 0.2 मिलिग्रॅम तांबं लागतं, म्हणजे शंभर लिटरला फार तर 80 मिलिग्रॅम मोरचूद. फवारणीच्या टाकीपेक्षा बारा हजार पटींनी कमी! माझ्या काउंटरवरच्या वजनकाट्याला एवढं वजन कळतही नाही. त्यातून शेतीच्या मोरचुदात आणखी काय काय असतं, देव जाणे. त्यामुळे माशासाठी म्हणून कुणी मोरचूद मागितलं तर मी देत नाही. माशांसाठी बनवलेलं तांब्याचं द्रावण घ्या, त्याच्या बाटलीवरची मात्रा पाळा आणि मोजायचा संच घेतल्याशिवाय झाकण उघडू नका. मात्रा खाली गेली तर परजीवी जगतो, वर गेली तर माशाचे कल्ले जळतात. हे किमान तीन आठवडे, रोज मोजून. आणि मुख्य टाकीत कधीच नाही. तिथली पोवळी, कोळंबी, गोगलगाई तांब्याने मरतात आणि चुनखडीचे दगड तांबं शोषून घेतात, म्हणून मोजणीचाही भरवसा राहत नाही. मासा वेगळ्या, वाळू-दगड नसलेल्या टाकीत काढायचा.

तांबं नको असेल तर पाणी गोडं करत न्यायचं. मिठाचं प्रमाण 35 वरून दोन दिवसांत हळूहळू 16 च्या खाली आणलं की बरेचसे कोष टिकत नाहीत, मासा मात्र तग धरतो. काही वाण यालाही दाद देत नाहीत. गोड्या पाण्यातल्या माशांना होणारे ठिपके दिसायला असेच, पण तो परजीवी निराळा आणि तिथे उपाय उलटा, पाण्यात मीठ घालायचं. तिथे पाणी गरम केल्यानेही फायदा होतो. खाऱ्या टाकीत त्या नादी लागू नये.

मला सगळ्यात आवडतो तो बिनऔषधाचा उपाय. दोन टब, दोन हवेचे पंप, एक हीटर. दर तिसऱ्या दिवशी, 72 तास उलटायच्या आत, मासा दुसऱ्या टबात हलवायचा आणि पहिला धुऊन खडखडीत वाळवायचा. माशावरून सुटलेले परजीवी मागे राहतात आणि पिल्लं निघायच्या आत वाळून मरतात. असं चार वेळा केलं की मासा मोकळा. मेहनत आहे, पण पैसा लागत नाही.

तोवर मुख्य टाकी पड ठेवायची, एकही मासा न ठेवता. सहा आठवडे तरी. काही कोष फुटायला सत्तरहून जास्त दिवस लागल्याची नोंद आहे, म्हणून मी अडीच महिने थांबायला सांगतो. लोकांना मात्र दहाव्या दिवसापासूनच रिकामी काच बघवत नाही.

समुद्रात हाच परजीवी असतो, पण तिथे मासे सहसा त्याने पटापट मरत नाहीत. पिल्लं निघेपर्यंत मासा कुठल्या कुठे गेलेला असतो. दाटीत पाळला की गणित बदलतं. आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या जलाशयात विस्थापित आदिवासींच्या सहकारी संस्थेने पिंजऱ्यांत मत्स्यबीज वाढवलं, मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं त्याला मार्गदर्शन होतं. पाणी गोडं, मासे कटला-रोहूसारखे. तरी पिंजरा म्हटला की गर्दी आली आणि गर्दीमागून परजीवी. म्हणून कुठल्याही पिंजऱ्यात किती पिल्लं सोडायची, जाळी किती वेळा साफ करायची, हे औषधाच्या आधीचे प्रश्न असतात.

एक गोष्ट मात्र लगेच ओळखायला हवी. ठिपके मिठासारखे सुटे नसून अंगावर बारीक पिठासारखी सोनेरी-करडी झाक असेल आणि मासा पंपाच्या धारेत तोंड घालून उभा राहत असेल, तर तो 'वेल्व्हेट', म्हणजे 'अमायलूडिनियम'. त्यात दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी होते. तिथे टब बदलत बसू नका, त्याच दिवशी वेगळ्या टाकीत तांबं सुरू करा. आणि हे सगळं टाळायचं तर नवा मासा मुख्य टाकीत सोडण्याआधी महिनाभर वेगळा ठेवा. त्याच्याबरोबर आणलेलं पोवळं आणि शंखही मासे नसलेल्या टाकीत वेगळे ठेवा. त्यांना रोग होत नाही, पण कोष त्यांच्या पाठीवरूनच येतात.