मोटारीच्या दिव्यांचें बटण

घरांतील विजेचें बटण दाबलें कीं दिवा लागतो, आणि मोटारींतील बटण ओढलें कीं तेथेंहि दिवा लागतो. तेव्हां दोन्ही बटणें एकाच जातीचीं, असा समज सुशिक्षित घरांतूनहि सर्रास आढळतो. त्यामुळेंच घरांतील एखादे उत्साही चिरंजीव सुटीच्या दिवशीं पक्कड व चिकटपट्टी घेऊन गाडीचें बॉनेट उघडतात, बाजारांतून आणलेले जादा दिवे पुढें बसवितात आणि हाताशीं असलेल्या बारीक तारेनें ते एका लहानशा बटणास जोडून मोकळे होतात. दिवे झळकतात, घरांत कौतुक होतें. तारेच्या पोटांत काय चाललें आहे तें मात्र कोणास दिसत नाहीं.

तें समजण्यास थोडें अंकगणित पुरे आहे. घरांत विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. मोटारींत तो अवघा १२ व्होल्ट. मोटारीच्या पुढील दिव्यांत पुष्कळदां एच-४ जातीचे बल्ब असतात. त्यांस डिपरसाठीं प्रत्येकीं ५५ व अप्परसाठीं ६० वॅट शक्ति लागते. म्हणजे डिपरवर दोन दिवे मिळून ११० वॅट झाले. एवढ्याच शक्तीचा दिवा घरांत लावला, तर तारेंतून अर्ध्या अँपिअरहूनहि कमी प्रवाह वाहतो. मोटारींत ११० ला १२ नें भागावें लागतें, आणि उत्तर नऊ अँपिअरांच्या वर जातें. बारा व्होल्टांचा झटका सहसा जाणवतहि नाहीं, म्हणून लोक निर्धास्त असतात. परंतु तार तापते ती प्रवाहानें, आणि तीहि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत. येथें प्रवाह एकोणीसपट, म्हणजे त्याच तारेंत उष्णता साडेतीनशें पटींहून अधिक. मोटारीस आग लागल्याची बातमी वाचून आपण पेट्रोलला दोष देतों. पण पेट्रोलपर्यंत ठिणगी पोंचविणारी तार कोणी जोडली होती, हेंहि विचारावें.

मोटारीस वीज प्रथमपासून नव्हती. आरंभींच्या गाड्यांवर कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या वायूचे दिवे असत, आणि ते खालीं उतरून काडीनें पेटवावे लागत. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत चार्लस केटरिंग यांची विजेवर चालू होणारी व विजेच्या दिव्यांची योजना आली. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला १९१५ सालीं विजेचे दिवे मिळाले खरे, पण त्यांची वीज एंजिनाच्या फिरण्यावर अवलंबून असे, गाडी हळू झाली कीं उजेडहि मंद होई. वळणावर, जेथें उजेडाची खरी गरज, तेथेंच तो डोळे मिटी!

जुन्या गाड्यांतून ही मंदपणाची तक्रार निराळ्या कारणानें आजहि आढळते. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली, तरी पद्मिनी, अँबॅसेडर, जीप अशा गाड्या जिव्हाळ्यानें संभाळणारीं घरें पुष्कळ आहेत. अशा गाड्यांत दिव्यांचा सगळा प्रवाह बहुधा बॅटरीपासून चालकापुढील बटणापर्यंत येतो, तेथून डिपरच्या दांड्याकडे जातो, आणि मग पुन्हां पुढें दिव्यांकडे. एवढ्या प्रवासांत गंजलेले सांधे व झिजलेले स्पर्श येतात. वाटेंत एक-दशांश ओहम इतका क्षुल्लक अडथळा असला, तरी जवळजवळ एक व्होल्ट तेथेंच खर्चीं पडतो. बरें, उजेड दाबाच्या सरळ प्रमाणांत घटता तर चाललें असतें. तंतूच्या दिव्याचा दाब दहा टक्क्यांनीं उतरला कीं उजेड सुमारें तीस टक्क्यांनीं उतरतो. मालकास वाटतें, बल्ब जुने झाले. तो शंभर वॅटांचे बल्ब आणतो. आतां प्रवाह वाढला, सांधे अधिक तापले, आणि थोड्याच दिवसांत बटणाजवळ करपल्याचा वास येऊं लागला. रोग तारेंत, औषध दिव्याला!

यावर खरा उपाय ‘रिले’ हा आहे. जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८३५ च्या सुमारास ही युक्ति योजिली, आणि दूरच्या तारायंत्रांस ती फार उपयोगी पडली. घरांतील वडीलधाऱ्यांनीं ओसरीवरून नुसता शब्द टाकावा आणि धान्याचें पोतें गड्यानें उचलावें, तसा हा प्रकार. बटणांतून जाणारा अत्यल्प प्रवाह रिलेमधील वेटोळ्याचें चुंबक करतो. त्यास एक-पंचमांश अँपिअर पुरेसा होतो. तें चुंबक आंतील जाड स्पर्श ओढून धरतें, आणि दिव्यांचा मोठा प्रवाह बॅटरीकडून जवळच्या वाटेनें दिव्यांकडे जातो.

रिलेच्या टोंकांवर ३०, ८७, ८६ व ८५ असे आंकडे असतात. ते जर्मन मानकांतून आलेले आहेत. ३० हें टोंक फ्यूजमधून बॅटरीच्या धन टोंकास, ८७ दिव्यास, ८६ बटणाकडून येणाऱ्या तारेस, आणि ८५ गाडीच्या सांगाड्यास जोडावें. डिपरला एक व अप्परला एक असे दोन रिले घ्यावे. मोठ्या प्रवाहाच्या तारा अडीच चौरस मिलिमीटरच्या आणि प्रत्येक वाटेवर १५ अँपिअरचा फ्यूज असावा. हा फ्यूज दिव्याच्या नव्हे, तारेच्या रक्षणासाठीं असतो. म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवावा. बॅटरी आणि फ्यूज यांमधील तार कोठें घासून सांगाड्यास टेकली, तर तिला राखणारें कोणी नसतें. जळक्या फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळून ‘तात्पुरतें’ काम भागविण्याची रीत तर कांहीं घरांतून वर्षानुवर्षें चालते. पत्र्यांतून तार नेतांना छिद्रांत रबरी कडें हवेंच.

कामास हात घालण्यापूर्वीं बॅटरीची ऋण तार आधीं सोडावी आणि काम संपल्यावर तीच शेवटीं जोडावी. कारण साधें आहे: ऋण बाजू सांगाड्यास जोडलेली असतां धन टोंक सोडूं गेल्यास पाना पत्र्यास लागून मोठी ठिणगी उडते. हातांतील अंगठी व घड्याळहि आधीं काढून ठेवावें.

जादा दिवे लावायचेच असतील, तर बटण कोठें जोडावें हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ मिस्त्री बटणास थेट बॅटरीची तार देतात. मग समोरून गाडी आल्यावर चालक डिपर मारतो, पण जादा दिवे तसेच पेटलेले राहतात. घाटाच्या वळणावर समोर दुचाकीवर पतिपत्नी व मधें मूल असेल, तर त्या दोन-चार क्षणांत त्या चालकास कठडा दिसत नाहीं. म्हणून तिसऱ्या रिलेच्या ८६ ला जाणारी तार अप्परच्या तारेवरून घ्यावी आणि आपलें लहान बटण त्याच तारेंत मध्यें बसवावें. डिपर मारला कीं जादा दिवे आपोआप विझतात. चालकाच्या सौजन्यावर कांहीं अवलंबून राहत नाहीं. अर्थात् मूळ नोंदणीशीं विसंगत फेरफारास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें मनाई आहे. म्हणून दिवे घेण्यापूर्वींच परिवहन कार्यालयांत चौकशी करावी.

दुचाकीची गोष्ट उलट आहे. १ एप्रिल २०१७ पासून बनणाऱ्या दुचाकींना पुढचा दिवा बंद करण्याचें बटणच नसतें. एंजिन चालू कीं दिवा चालू. तो दिवा इतरांनीं आपणांस पाहावें यासाठीं आहे. बॅटरी वांचविण्याच्या कल्पनेनें तेथें मुद्दाम बटण बसवून घेणारे तरुण भेटतात. त्यांच्या मातोश्रींनींच तें काढावयास लावावें, असें माझें मत आहे.

अलीकडच्या मोटारींत तर वरील कांहींच करूं नये. त्यांतील बटण पुष्कळदां दिव्यास प्रवाह देतच नाहीं. तें गाडीच्या संगणकास केवळ निरोप पाठवितें, आणि संगणक दिवे लावतो. अशा तारेवर परका सांधा घातला कीं तो चूक दाखवितो, आणि कंपनीच्या हमीवरहि वाद निघतो.

जुन्या गाडीचें काम चांगलें झालें कीं नाहीं हें ओळखणें सोपें आहे. एंजिन चालू ठेवून दिवे लावावे, आणि व्होल्टमापकानें प्रथम बॅटरीच्या दोन टोंकांत व नंतर दिव्याच्या टोंकांशीं दाब मोजावा. दोहोंत अर्ध्या व्होल्टाहून अधिक अंतर निघालें, तर मिस्त्रीस पैसे देण्यापूर्वीं सांध्यांवर, विशेषतः सांगाड्यास जोडलेल्या स्क्रूवर, रंग किंवा गंज राहिला आहे काय तें पाहावयास सांगावें.