कॅमेऱ्याची जात आणि पोटाचा प्रश्न

फोटोग्राफरांच्या घोळक्यात नवा माणूस आला, की त्याचे नाव विचारण्याआधी एक प्रश्न येतो. निकॉनवाला की कॅननवाला? त्याच्या उत्तरावरून त्याला जवळ करायचे की लांब ठेवायचे हे ठरते. आडनावावरून माणूस जोखणाऱ्या देशात याचे नवल ते काय! आम्हीही या खुळात १५ वर्षे रमलो. निकॉनचा पिवळा पट्टा गळ्यात मिरवून कॅननवाल्यांची यथेच्छ टिंगल केली. आणि मागच्या वर्षी आम्हीच निकॉन सोडून सोनी घेतला. तेव्हा तालुक्याच्या चौकात एका व्यवसायबंधूने विचारले, "काय हो, धर्मांतर केले म्हणे?" आम्ही त्याला तिथेच सांगितले, बाबा रे, हा शब्द एवढा स्वस्त करू नकोस. धर्मांतर माणूस म्हणून जगण्यासाठी होते. आम्ही केले ते दुकान चालावे म्हणून.

पण त्याचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. कॅमेरा बदलणे ही हौशी माणसाची चैन असते. लग्न, वाढदिवस, सभा-संमेलने यांवर पोट भरणाऱ्याचे तसे नसते. त्याचे सारे भांडवल लेन्समध्ये अडकलेले असते. बॉडी चार-सहा वर्षांत जुनी होते, लेन्स मात्र २० वर्षे साथ देते. आणि एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर सरळ बसत नाही. खरी मेख इथे आहे. बॉडी घेताना आपण एक वस्तू घेतली असे वाटते, प्रत्यक्षात आपण एका कंपनीच्या घरात राहायला जातो.

बरे, घर तरी कायम राहते काय? कॅननने १९८७ साली नवा ईएफ माउंट आणला आणि जुन्या एफडी लेन्स घेऊन बसलेल्यांना नवी बॉडी घेताना सारे नव्याने घ्यावे लागले. मिनोल्टाच्या लेन्स जमवलेल्यांचा कारभार २००६ साली सोनीकडे गेला. पुढे सोनीनेही आपले सारे लक्ष ई-माउंटवर वळवले. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, आमचा अभिमानाचा विषय. पण २०१८ साली निकॉननेही झेड माउंट आणला. त्यामागे कारण आहे. आतला आरसा गेला, म्हणून लेन्स सेन्सरच्या जवळ आणता आली, ४६.५ मिलिमीटरचे अंतर १६ वर आले. जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसवायला मधे अडॅप्टर लागतो. ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटार आहे ती त्यावर नीट चालते. ज्या जुन्या लेन्सचा फोकस बॉडीतल्या मोटारीने फिरतो, तिचा फोकस निकॉनच्या त्या अडॅप्टरवर हातानेच करावा लागतो. आमच्या पाच लेन्सपैकी दोन अशा होत्या, दोन्ही सेकंडहँड घेतलेल्या. याला कंपनीचा दोष म्हणता येणार नाही, तंत्र पुढे जाणारच. पण नवी कोरी लेन्स घेणारा यात सुटतो आणि जुन्या बाजारात खरेदी करणारा अडकतो, हेही खरे.

म्हणजे त्याच कंपनीत राहायचे तरी खर्च, सोडायचे तरी खर्च. मग हिशेब मांडला. २०१४ च्या आमच्या डी-७५० मध्ये फोकसचे बिंदू ५१, तेही चित्राच्या मधोमध एकवटलेले. २०१८ च्या सोनी ए-७ थ्रीमध्ये ६९३, जवळजवळ साऱ्या चौकटीत पसरलेले, शिवाय डोळा ओळखून त्याचा पाठलाग करणारे. वरातीत नाचणाऱ्या माणसाचा फोटो काढून पाहा, म्हणजे फरक कळेल. व्हिडिओ तर आता प्रत्येक गिऱ्हाईक मागते. २०२० साली असोसिएटेड प्रेससारख्या जगभरच्या वृत्तसंस्थेने आपल्या छायाचित्रकारांसाठी सोनीची निवड केली, तेव्हा आमच्यातले कॅननवाले आणि निकॉनवाले एकदमच गप्प झाले. पण त्या संस्थेतल्या छायाचित्रकाराला नव्या कॅमेऱ्यासाठी कर्ज काढावे लागले नसेल! उणी बाजूही सांगतो. जुना कॅमेरा कंपनीच्या मोजणीप्रमाणे एका बॅटरीत १२३० फोटो काढतो, नवा ७१०. लग्नाच्या दिवशी खिशात चार बॅटऱ्या असतात आणि मांडवात वाढप्याच्याही आधी आम्ही प्लगचा बोर्ड शोधतो.

जुने सामान घेऊन शहरातील एका दुकानात गेलो. त्याने लेन्स उजेडात धरली, आत बुरशीचा धागा दाखवला आणि आम्ही दिलेल्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी आकडा सांगितला. पावसाळ्यात लेन्स साध्या कपाटात ठेवल्याची ती किंमत होती. एका बँकेच्या शाखेत मुद्रा योजनेचा अर्ज नेला. किशोर गटात ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते आणि त्याला तारण लागत नाही. तरी साहेबांचा पहिला प्रश्न, "तारण काय देणार?" आम्ही योजनेचा छापील कागद पुढे ठेवला. कागद वाचला गेला, पण कर्ज हाती पडायला अडीच महिने गेले. तोवर अर्धा लग्नसराईचा हंगाम सरला होता.

या साऱ्यात एक गोष्ट कोणत्याही जाहिरातीत नसते. आमच्या तालुक्यात आम्ही चौघे निकॉनवाले. एकाची मोठी लेन्स, दुसऱ्याचा फ्लॅश, तिसऱ्याच्या बॅटऱ्या. दाट तिथीला सारे सामान चौघांत फिरते. कागद नाही, भाडे नाही. चौघांची मिळून ही एक सहकारी संस्थाच, फक्त नोंदणी न झालेली. त्यातला एक बाहेर पडला तर उरलेल्या तिघांचे भांडवल कमी होते. म्हणून आम्ही घाईने सौदा केला नाही. चौघे एका रविवारी बसलो, भांडलोही. ठरले असे की यंदा दोघांनी बदलायचे, दोघांनी थांबायचे. बदलणाऱ्यांनी जुन्या लेन्स विकायच्या नाहीत, थांबणाऱ्यांकडे वापरायला ठेवायच्या. पुढच्या हंगामानंतर पुन्हा बसायचे. दुकानदाराने सांगितलेला तो आकडा अशा रीतीने आमच्या काहीच कामाचा राहिला नाही.

हाताची सवय मात्र बैठकीने सुटत नाही. निकॉनची लेन्स एका दिशेने फिरवून बसते, सोनीची उलट दिशेने. पहिल्याच लग्नात वधूवरांनी हार उचलले आणि आमचा हात जुन्या दिशेने फिरत राहिला. लेन्स बसेपर्यंत हार गळ्यात पडले होते. वधूच्या वडिलांना आम्ही खरे ते सांगितले आणि पुन्हा एकदा हार घालायची विनंती केली. त्यांनी हसून होकार दिला. अल्बममध्ये तो दुसऱ्यांदा घातलेला हारच आहे. तेव्हापासून दर रात्री जेवण झाल्यावर आम्ही २० वेळा लेन्स काढतो आणि २० वेळा बसवतो, दिवा बंद करून.