तीन महिन्यांची मुदत

माझाच एक लेख माझ्या संगणकावर आहे आणि मला तो वाचता येत नाही. वीसेक वर्षांपूर्वी युनिकोडच्या आधीच्या एका फाँटमध्ये तो टाइप केला होता. आज फाईल उघडली की रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं यांची रास समोर येते. ज्या पत्रिकेत तो आला होता ती बंद पडली, तिचं संकेतस्थळही गेलं. तेव्हापासून एका प्रश्नाचा नाद लागला: कागद सोडून पडद्यावर आलेले शोधनिबंध टिकतात ते कशाच्या जोरावर? भौतिकशास्त्राशी माझा संबंध बारावीपुरता. तरी या नादापायी मी सर्वांत जास्त रमलो ते ‘अर्काइव्ह’ या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहाच्या जन्मकथेत.

ही कथा सगळे तो सुरू करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्सपार्ग यांच्यापासून सांगतात. मी ती जोअ‍ॅन कोन यांच्यापासून सांगेन. १९८९च्या सुमारास त्या प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीत स्ट्रिंग सिद्धान्तावर काम करत होत्या. कुणाचा नवा निबंध तयार झाला की त्याची फाईल मागवून घ्यायची आणि आपल्या यादीतल्या सगळ्यांना ईमेलनं पाठवायची, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. प्रत्येक फाईल त्या स्वतः पाठवत. त्याआधी प्रीप्रिंट, म्हणजे छापून येण्याआधीच्या निबंधांच्या प्रती, टपालानं जायचे आणि पाकीट कुणाला धाडायचं हे पाठवणारा विभाग ठरवायचा. बड्या विद्यापीठांची नावं यादीत आधी लागत, बाकीच्यांनी वाट पाहायची. कोनबाईंच्या यादीनं ही उतरंड पहिल्यांदा हलवली, असं माझं स्पष्ट मत आहे. एवढं असून त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं.

१९९१च्या जूनमध्ये कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनला भौतिकशास्त्रज्ञ जमले होते. तिथे आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे स्पेंटा वाडिया यांनी एक अडचण बोलून दाखवली. आपण असे प्रवासात असताना ईमेलनं येणाऱ्या निबंधांनी संगणकावरची आपल्या वाट्याची जागा भरून जाईल, ही त्यांना धास्ती होती. तेव्हा प्रत्येकाला डिस्कवर मोजून जागा मिळायची. ते बोलणं गिन्सपार्ग यांनी ऐकलं आणि त्यांच्या मनात आलं, की निबंध सगळ्यांच्या पेटीत टाकण्यापेक्षा एका ठिकाणी ठेवावेत. ज्याला हवा त्यानं येऊन न्यावा. १४ ऑगस्ट १९९१ला लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या टेबलाखालच्या एका संगणकावर हे सुरू झालं. आधीच्या ईमेल याद्यांमधून गोळा केलेले १६० पत्ते, एवढाच वाचकवर्ग. सहा महिन्यांत तो हजारावर गेला.

या साऱ्या कागदपत्रांत एका तपशिलापाशी मी थबकलो. मूळ बेत जतनाचा नव्हताच. वर्षाला शंभरेक निबंध येतील, प्रत्येक तीन महिने ठेवायचा आणि मग पुसून टाकायचा. तोवर कागदी प्रत टपालानं पोचलेली असेल, असा हिशेब होता. वाचकांनी तो मोडून काढला. जुने निबंधही हवेत, असा आग्रह झाला आणि काहीच पुसलं गेलं नाही. हॉर्न आणि होरोविट्झ यांचा कृष्ण-तंतूंवरचा पहिल्या क्रमांकाचा निबंध म्हणूनच आजही उघडतो. फेब्रुवारी १९९४मध्ये टाटा संस्थेतूनच अशोक सेन यांनी टाकलेला एस-द्वैतावरचा निबंधही तिथे आहे आणि गणितज्ञ पेरेलमन यांनी कोणत्याही पत्रिकेकडे न पाठवलेली पॉइंकारेच्या अटकळीची २००२-०३ची सिद्धताही.

हे निबंध आज वाचता येतात यामागे आणखी एक कारण आहे. कोन काय किंवा गिन्सपार्ग काय, दोघांनीही छापील पानाचं चित्र साठवलं नाही. डोनाल्ड नूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीत लिहिलेला मूळ मजकूर त्यांनी ठेवला. साधी अक्षरं, समीकरणाच्या दोन्ही बाजूंना डॉलरचं चिन्ह, अल्फा हवा असेल तर उलटी तिरकी रेघ आणि पुढे त्या अक्षराचं नाव. तीस वर्षांपूर्वीची ती फाईल कुठल्याही संगणकावर नुसत्या डोळ्यांनी वाचता येते आणि तिच्यातून नवं पान जुळवता येतं. पीडीएफचा जन्म १९९३चा, म्हणजे या संग्रहानंतरचा.

गिन्सपार्ग यांना बक्षीस काय मिळालं? लॉस अलामॉसच्या कामगिरी-अहवालात त्यांना अगदी सरासरी कर्मचारी ठरवलं गेलं. संगणकाचं खास कौशल्य नाही, जागी दुसरा सहज मिळेल आणि पगारही जास्तच आहे, असे शेरे होते. २००१मध्ये ते संग्रहासह कॉर्नेल विद्यापीठात गेले. पुढच्याच वर्षी त्यांना मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. तो अहवाल लिहिणाऱ्यांना समोर काय घडतंय ते दिसलंच नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

पण ‘अर्काइव्ह’चं भाग्य सगळ्यांना लाभलेलं नाही. २००० ते २०१९ या काळात सर्वांना खुल्या असलेल्या १७४ संशोधन पत्रिका इंटरनेटवरून नाहीशा झाल्याचं लाक्सो, मॅथियास आणि यान यांनी दाखवून दिलं. २०२४मध्ये मार्टिन ईव्ह यांनी डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक असलेली ७४ लाखांवर प्रकाशनं तपासली; त्यांतली सुमारे २८ टक्के कोणत्याच मोठ्या जतनसंग्रहात सापडली नाहीत. खुलं ठेवणं आणि जपून ठेवणं ही दोन निराळी कामं आहेत. दुसऱ्या कामाची एक चांगली वाट स्टॅनफर्डच्या ग्रंथालयातून निघालेल्या ‘लॉक्स’नं दाखवली आहे. अनेक ग्रंथालयं आपापल्या प्रती ठेवतात, त्यांचे संगणक त्या एकमेकांशी ताडून पाहतात आणि कुठली बिघडली असेल तर इतरांवरून ती दुरुस्त करून घेतात.

मराठी संशोधन पत्रिकांच्या संपादकांना म्हणून हात जोडून विनंती आहे. जुन्या फाँटमधल्या फायली, त्या फाँटची ओळख असलेला माणूस आहे तोवर, युनिकोडमध्ये करून घ्या. पानांच्या पीडीएफबरोबर मूळ मजकूरही ठेवा, आणि त्याची एक प्रत तरी तुमच्या कार्यालयाबाहेर, दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात असू द्या.