समोरच्या इमारतीचे मजले

माझी मुलगी सप्टेंबर २०१६ मध्ये, गणपती उठले त्याच आठवड्यात झाली. तेव्हा मी पुण्यात एका आरसीसी कन्सल्टंटकडे नऊ वर्षं नोकरी करत होते. कॉलम, बीम, स्लॅबची डिझाइनं करायची, ड्रॉइंग तपासायची आणि स्लॅब पडायच्या आधी साइटवर जाऊन सळया मोजायच्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये मी ते काम सोडलं, जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा धरलं. मधल्या चार वर्षांबद्दल कोणी विचारलं की मी म्हणायचे, ‘मुलीसाठी थांबले, निर्णय माझाच होता.’ आता मागे वळून बघताना हे वाक्य मला तितक्या सहज म्हणवत नाही.

प्रसूती रजा तेव्हा बारा आठवड्यांची होती. डॉक्टर सांगत होते, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. दहा आठवड्यांची मुलगी सासूबाईंच्या हाती देऊन मी कामावर गेले. दुपारी एकच्या सुमारास पान्हा फुटायचा. आमच्या ऑफिसात दार लावून बसता येईल अशी एकच जागा होती, प्लॉटरची खोली. तिथं ड्रॉइंगच्या भेंडोळ्यांमध्ये उभं राहून दूध काढायचं आणि बेसिनमध्ये ओतून द्यायचं, कारण ठेवायला फ्रिज नव्हता. एकदा प्रिंट घ्यायला कोणीतरी दार वाजवलं. ओल्या कुडत्यावर ओढणी घेऊन मी बाहेर आले आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसले.

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याच्या अकराव्या कलमात लिहिलेलं होतं, की मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ द्यावा. मला ते ठाऊक नव्हतं. दिवसभर कोडबुकातली कलमं चाळणारी मी, पण हे एक कलम उघडून पाहिलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

सासूबाईंचे गुडघे थकलेले. जवळचं पाळणाघर सहा महिन्यांखालचं मूल घेत नव्हतं. दुसरं होतं त्याची फी, बाईंचा पगार आणि माझं जाणं-येणं असा हिशोब आम्ही नवरा-बायकोनं एका रात्री मांडला. माझ्या पगारातून सगळं वजा केल्यावर फार थोडं उरत होतं. तो कागद बघूनच राजीनामा ठरला. मूल दोघांचं, मग वजाबाकी एकट्या माझ्याच पगारातून का केली, हा प्रश्न त्या रात्री त्यालाही पडला नाही आणि मलाही नाही. पुढच्या पंधरा वर्षांच्या पगारवाढी आणि पीएफ त्या कागदावर कुठंच नव्हते.

राजीनाम्यानंतर दोन महिन्यांतच, १ एप्रिल २०१७ पासून रजा सव्वीस आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक माणसं असतील तिथं पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आमच्या ऑफिसात बावीस माणसं होती. माझ्या जाऊबाई केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यांना २००८ पासून लागू झालेली सातशे तीस दिवसांची बालसंगोपन रजा मुलांच्या आजारपणात, परीक्षेत थोडी थोडी घेता आली आणि खुर्चीही शाबूत राहिली. एकाच घरातल्या दोन सुना आम्ही.

पण त्या वर्षांत नुसती खंत नव्हती. आमच्या गॅलरीसमोर एक इमारत उभी राहत होती. मांडीवर मुलगी आणि समोर फुटिंगचे खड्डे, असे ते महिने गेले. पहिला स्लॅब पडला तेव्हा ती पालथी पडत होती, तिसऱ्याला धरून उभी राहिली. मिक्सर सुरू झाला की हातातला घास टाकून गॅलरीकडे धावायची. मी तिला सांगायचे, ‘ती बघ सेंटरिंगची माणसं, त्या बघ रिंगा.’ स्वयंपाकघरात ती वाट्यांवर वाट्या रचायची. मोठी वाटी वर ठेवली की कोसळतं, हे कळायला तिला आठवडा लागला आणि तो सगळा आठवडा मी तिथंच, फरशीवर बसून पाहिला. ते सुख मी कशाच्या बदल्यात देणार नाही.

जून २०२० मध्ये शाळा सुरू झाली की कामाला लागायचं ठरवलं होतं, तर मार्चमध्ये टाळेबंदी आली. अखेर जानेवारीत एका दुसऱ्या ऑफिसनं घरून काम दिलं, २०१७ च्याच पगारावर. ज्या मुलाला मी ड्रॉइंग वाचायला शिकवलं होतं तो तिथं माझी डिझाइनं तपासणार होता.

दरम्यान आयएस १३९२० या काँक्रीटच्या कोडची २०१६ ची आवृत्ती रुळली होती. आम्ही सर्रास भिंतीत लपवायचो ते नऊ इंची कॉलम गेले होते. आता किमान रुंदी तीनशे मिलिमीटर. भूकंपाचं कोडही नवं होतं. सॉफ्टवेअर दोन पायऱ्या पुढं गेलेलं. मुलगी झोपली की रात्री दहा ते साडेबारा मी दोन्ही कोडं पेन्सिलीनं खुणा करत वाचून काढली. चार महिने लागले. चार वर्षांत मागे पडलेलं भरून काढायला चार महिने पुरतात, हे मला मुलाखतीच्या वेळी ठाऊक असतं, तर जुना पगार मी मुकाट्यानं घेतला नसता.

२०२४ मध्ये आमच्या ऑफिसातली एक मुलगी बाळंतपणाहून परत आली. रजा सव्वीस आठवड्यांची मिळाली होती, तरी पहिल्या दिवशी तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. मी साहेबांकडे गेले, अकरावं कलम छापून नेलं होतं. मीटिंगच्या खोलीला आतून कडी बसवून घेतली, पँट्रीत छोटा फ्रिज आला. फळ्यावर साइटच्या वेळांखाली तिच्या नावापुढं मी लिहिलं: साडेअकरा आणि साडेतीन.